जुनी फियाट घेण्याआधी

१९६० च्या दशकातली फियाट ११०० घेण्याचा तुमचा विचार ऐकून मला मनापासून आनंद झाला. मात्र रंगाच्या झळाळीवर न जाता आधी खाली वाकून पत्र्याचा गंज पाहावा, कारण बेळगावजवळच्या खानापूरकडच्या पावसात वर्षानुवर्षे उभी राहिलेली गाडी वरून कितीही देखणी असली तरी तिचा तळ पोखरलेला असू शकतो. इंजिनाची चिंता त्यामानाने कमी आहे. एखादे बुश, म्हणजे फिरत्या भागाभोवती बसणारी धातूची छोटी नळी, मिळाले नाही तर बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतला कुशल टर्नर नमुना पाहून ते लेथवर घडवून देतो, आणि हे भाग्य प्रत्येक शहराला लाभत नाही. पेट्रोलच्या रबरी नळ्या व पंपाचा डायफ्राम (आतला लवचीक पडदा) मात्र प्रथम बदलावा, कारण २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुने रबर फुगते आणि चिरते.

मार्चच्या उन्हात तवंदी घाट चढताना माझ्या गाडीच्या नळीत पेट्रोलची वाफ अडकली आणि ती उसाच्या ट्रॉल्यांमागे बंद पडली. पंपावर ओले फडके ठेवून अर्धा तास थांबल्यावरच ती पुन्हा सुरू झाली. वय ५० वर्षांहून अधिक असल्यास २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज, म्हणजे जपून ठेवलेली जुनी गाडी म्हणून, नोंदणी करता येते, पण मग ती गाडी रोजच्या वापरासाठी नेता येत नाही. तरीही पहाटे जांबोटीच्या रस्त्यावर स्टिअरिंगखालचा गिअर अलगद पडतो, तेव्हा मला सारे कष्ट सार्थकी लागल्यासारखे वाटतात.