गावची बोली आणि प्राचीन खुणा नोंदवू पाहणाऱ्या नव्या शिक्षकास

आपण बोली, लोककथा आणि गावातील प्राचीन खुणा या तिन्हींची नोंद करू इच्छिता, याचा मला मनापासून आनंद आहे. तरीही आरंभ बोलीपासूनच करावा, कारण ती जाणणारी माणसे वृद्ध आहेत आणि जमिनीतली खापरे थांबू शकतात. वऱ्हाडात कोणी ‘डोया’ म्हटले, तर वहीत ‘डोळा’ असे सुधारून लिहू नये. शुद्धलेखन तपासण्याची सवय असलेल्या शिक्षकाला हे फार जड जाते, म्हणून ध्वनिमुद्रण अवश्य करावे आणि सांगणाऱ्याचे नाव, वय, तारीख, तसेच बाईंच्या बाबतीत माहेरचे गाव, त्यांच्या संमतीने टिपावे. माहेराचा उल्लेख मुद्दाम करतो: जात्यावरच्या ओव्या लेकींबरोबर सासरी जातात, त्यामुळे एका गावात मिळालेली ओवी मूळची तिथलीच असेल असे नाही.

प्राचीन अवशेषांबाबत मात्र हात आवरता घ्यावा. प्रवरेकाठच्या दायमाबाद या प्राचीन वसाहतीच्या जागी १९७४ मध्ये एका शेतकऱ्याला ब्राँझची चार अप्रतिम शिल्पे सापडली. परंतु ती शास्त्रीय उत्खननात, म्हणजे जमिनीच्या कोणत्या थरात होती याच्या नोंदीसह, मिळालेली नसल्याने त्यांच्या काळाविषयी अभ्यासकांत मतभेद राहिले. म्हणून नांगरटीत रंगीत खापर किंवा गारगोटीचे पाते दिसले, तर जागेवरच छायाचित्र घ्यावे, शेताचा गट क्रमांक लिहावा, मुलांना उकरू देऊ नये आणि राज्य पुरातत्त्व विभागाला किंवा पुण्याच्या डेक्कन कॉलेजला पत्राने कळवावे. पत्रासोबत मूळ वस्तू पाठवू नये, छायाचित्रच जोडावे.