आजी "विसरले" म्हणते, तेव्हा तिची गाणी कशी मिळवायची?

तुम्ही विचारलंय : "आजी 82 वर्षांची आहे. लहानपणी तिच्या तोंडून पुष्कळ गाणी ऐकली. आता मोबाईल लावून विचारलं की 'विसरले' म्हणते. ही गाणी कशी जपावीत? कुणी केलंय का असं?"

मी केलंय. आधी चुकलो, मग थोडं जमलं. दोन्ही सांगतो.

माझ्या आजीला आम्ही सगळी भावंडं मोठी माय म्हणायचो. जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेर तालुक्यात, बोरी नदीकाठी आमचं गाव. तिचं माहेर तापीपलीकडे, चोपडा तालुक्यात. एका दिवाळीत मी पुण्याहून घरी गेलो, तिला ओट्यावर बसवलं, मोबाईल समोर धरला आणि म्हटलं, मोठी माय, म्हण. तिनं पदर सावरला, दोन ओळी म्हटल्या आणि थांबली. मी "पुढे, पुढे" करत राहिलो. शेवटी ती म्हणाली, "रिकामा हातले गानं येत नही, भाऊ," आणि उठून सूप घेऊन दादर ज्वारी पाखडायला बसली. मला वाटलं, टाळतेय. पाखडता पाखडता ती काहीतरी गुणगुणत होती, आणि मी मोबाईल खिशात घालून गावात निघून गेलो. ती दुपार मला अजून टोचते. तिनं मला उत्तर दिलं होतं, तेही दोनदा, एकदा तोंडानं आणि एकदा सुपानं.

तिची गाणी डोक्यात नव्हती, हातात होती. हे कळायला तिचं आयुष्य थोडं सांगावं लागेल.

घरात खाणारी नऊ माणसं. चार एकर जिराईत, त्यात कपाशी, मूग, उडीद आणि रब्बीला दादर. (खानदेशाबाहेरच्यांसाठी : दादर म्हणजे आमच्या काळ्या जमिनीतली रब्बी ज्वारी. तिच्या भाकरीची चव दुसऱ्या ज्वारीला नाही.) पहाटे चारला उठून ती आणि तिची धाकटी जाऊ जात्यावर समोरासमोर बसायच्या. खुंट्याला दोघींचा हात. एकीनं ओवीची पहिली ओळ म्हणायची, दुसरीनं ती उचलून पुढची जोडायची, तेवढ्यात पहिलीला दम खायला वेळ मिळायचा आणि मूठभर दाणे जात्यात घालता यायचे. ओळीची लांबी जात्याच्या फेऱ्यांवर ठरलेली. त्या ओव्यांत सासर होतं, माहेर होतं, विठ्ठल होता, आणि ज्याचं कौतुक करायचं त्याचं नाव घालायला एक जागा मोकळी असायची. माझ्या वडिलांचं नाव त्या जागेवर किती वेळा आलं असेल कोण जाणे.

यात कुणी रम्य काही शोधू नये अशी माझी विनंती आहे. जातं म्हणजे कष्ट. तिच्या तळहातावरचे घट्टे शेवटपर्यंत गेले नाहीत. गावात पिठाची गिरणी आली आणि वडिलांनी पहिल्यांदा डोक्यावरून गरम पिठाचा डबा आणला, तेव्हा ती त्या पिठात हात घालून रडली होती, आनंदानं. जातं मागच्या पडवीत गेलं. गाणी मात्र तिनं पडवीत टाकली नाहीत. ती वेचणीला कपाशीच्या शेतात नेली, बिबडे (ज्वारीचे पापड) घालताना गच्चीवर नेली, एकादशीला भजनात नेली. अमळनेरला वैशाखात सखाराम महाराजांची यात्रा बोरीच्या पात्रात भरते, तिथून तिनं एकदा टाळांची जोडी आणली. घरात तिनं स्वतःसाठी विकत घेतलेली मला माहीत असलेली ती एकच वस्तू. 1972 च्या दुष्काळात ती खडी फोडायला जात होती. घरी मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीची भाकरी, मुलांना सुकडी, आणि हातोड्याच्या ठेक्यावर बायकांची गाणी. वडील सांगतात, मुकादम आधी रागवायचा, मग गाणं थांबलं की हात थांबतात हे त्याच्या लक्षात आलं.

पण तिचं खरं राज्य कानबाईच्या, आमच्या खानदेशातल्या देवीच्या, रात्री. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. नारळाला डोळे, नथ, शालू, दागिने. घरातल्या पुरुषांच्या संख्येप्रमाणे सव्वा-सव्वा मूठ गहू मोजून नैवेद्याचे रोट होतात, मुंबई-सुरतेला गेलेले भाऊबंद गावी येतात, आणि रात्रभर जागरण. त्या रात्री मोठी मायला घराघरातून बोलावणं यायचं. एका ठिकाणी गाणं उचलून द्यायचं की पुढच्या घरी. पहाटे ती घरी यायची तेव्हा आवाज बसलेला आणि चेहरा असा की तिला कुणी काही बोलू नये. मी लहान असताना तिच्या मांडीवर झोपून हे सगळं ऐकलंय. रोट भाऊबंदकीबाहेर देत नाहीत, पण ती शेजारच्या सगळ्या पोरींना गाणी शिकवायची.

लोक म्हणतात, तुमची आजी म्हणजे बहिणाबाईच. मी नम्रपणे नाही म्हणतो. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी स्वतः रचणाऱ्या कवयित्री होत्या. त्यांची गाणी मुलगा सोपानदेव आणि मावसभाऊ यांनी लिहून ठेवली, म्हणून त्या गेल्यावर 1952 मध्ये ती छापली गेली. मोठी मायनं स्वतः काही रचलं असं ती कधी म्हणाली नाही. तिच्या आईकडून, जावेकडून, वेचणीतल्या बायकांकडून आलेलं ती पुढे देत होती, देताना एखादा शब्द बदलत होती, बस. अशा बायका गावोगाव होत्या. पुण्याहून हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावागावांतून जात्यावरच्या ओव्या गोळा करायला घेतल्या, तेव्हा 1 लाखाहून जास्त जमल्या. तुमची आजी अशा बायकांतलीच एक आहे. 'आमच्या आजीला दोन-चार गाणी येतात' असं समजून विचारायला बसू नका.

आता मला गाणी कशी मिळाली ते.

चुलतबहिणीचं लग्न निघालं. आमच्याकडे हळद अजून जात्यावर दळतात. पडवीतलं जातं धुऊन अंगणात आणलं, खुंट्याला हळकुंड बांधलं. मोठी मायला मानाची म्हणून पहिला हात लावायला बसवलं. दोन फेरे फिरवून उठेल असं सगळ्यांना वाटलं होतं. ती पाऊण तास उठली नाही. जी बाई दिवाळीत दोन ओळींवर अडली होती, तिच्या तोंडून ओवीमागून ओवी येत होती. मी धावत जाऊन मोबाईल आणला आणि घाईत जात्याशेजारी जमिनीवर ठेवला. तुम्ही हे करू नका. दगडाची घरघर जमिनीतून थेट मोबाईलमध्ये जाते आणि शब्द बुडतात. खुंटीला पिशवीत टांगा, नाहीतर कुणाच्या तरी हातात द्या.

समोर दुसरा हात कुणाचा होता ते महत्त्वाचं आहे. धाकटी जाऊ वारून बारा वर्षं झाली होती. मोठी माय "विसरले" म्हणायची त्यातलं अर्धं तर तिचं नव्हतंच, ते जावेच्या वाट्याचं होतं. तेव्हा तुमच्या आजीला एकटीला बसवू नका. तिची बहीण, शेजारीण, मावशी, जी तिच्याबरोबर गायची ती शोधा. हातात काम द्या : पाखडणं, निवडणं, वाती वळणं, पाळणा हलवणं. आणि गाणं विचारू नका, माणसं विचारा. भाऊ कसा होता, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी झोका कोणत्या झाडाला बांधायचे. माणसामागून गाणं येतं.

लिहून घेताना बोली सुधारू नका. मी आधी अहिराणी 'शे' च्या जागी 'आहे' लिहीत गेलो. मग म्हणून बघितलं तर ओळ जात्याच्या फेऱ्यात बसेना. सगळं खोडून पुन्हा लिहिलं.

त्या दिवशी जात्याला दुसरा हात माझ्या आईचा होता. माझ्या आईला गाताना आम्ही कधी ऐकलं नव्हतं. ती शिकलेली, अंगणवाडीत नोकरी केलेली, सणावारी कामात असायची. रेकॉर्डिंगमध्ये अकराव्या मिनिटाला मोठी माय भावाची ओवी धरते. तिचा भाऊ त्याच वर्षी आखाजीच्या आधी गेला होता. नावाची जागा येते आणि तिचा आवाज थांबतो. मग बराच वेळ नुसतं जातं ऐकू येतं. हात तिनं थांबवले नाहीत. आणि मग दुसरा एक आवाज, आधी चाचरत, ती ओळ उचलतो आणि त्या जागेवर माझ्या मामाचं नाव घालून पुरी करतो.

मोठी माय त्यानंतर दोन पावसाळे होती. त्या पाऊण तासातल्या 63 ओव्या मी आणि आईनं मिळून वहीत उतरवल्या. घरघरीत बुडालेले शब्द आईनं भरले, कारण पंचवीस वर्षं स्वयंपाकघरात ती ते ऐकत आली होती. नऊ ओळी लागत नव्हत्या. आई दादर निवडायला बसली की मी रेकॉर्डिंग लावतो. मागच्या महिन्यात त्यातली एक लागली.