फ्लक्चुएशनला ‘आंदोलन’ म्हणावं का?

प्रश्न असा आहे: फ्लक्चुएशन, म्हणजे सरासरीभोवती सतत होणारी अनियमित हालचाल, यासाठी एका विज्ञानलेखात ‘निर्वातातील (व्हॅक्यूममधील) आंदोलने’ असा प्रयोग होता आणि पुढे त्याच लेखात पॉलिमरच्या, म्हणजे छोटे रेणू एकापुढे एक जोडून झालेल्या लांब रेणूंच्या, साखळ्यांचीही ‘आंदोलने’ होती. हे बरोबर आहे का? आणि दोन्हीकडे एकच शब्द चालेल का?

एकच शब्द चालेल, नव्हे, एकच हवा. पण तो ‘आंदोलन’ नको. मोर्चा-उपोषण आठवतं ही अडचण किरकोळ. आंदोलन काय, दोलन काय, हे लंबकाचे शब्द. ठरावीक वेळाने परत येणं त्यांत गृहीत आहे. फ्लक्चुएशनला असा ताल नसतो.

‘चढउतार’ बाजारभावाला ठीक, पण पॉलिमरची १०,००० दुव्यांची साखळी घेऊन पाहा. प्रत्येक दुवा वाटेल त्या दिशेला वळतो असं धरलं, तर एका टोकाकडून दुसऱ्याकडे काढलेल्या बाणाची सरासरी शून्य येते, कारण सगळ्या दिशा सारख्याच. तरी दोन टोकांतलं अंतर साधारण १०० दुव्यांएवढं भरतं, म्हणजे १०,०००चं वर्गमूळ, घातांक १/२. (साखळीला स्वतःमधून आरपार जाता येत नाही हे धरलं की घातांक १/२ ऐवजी ३/५च्या आसपास जातो आणि हेच अंतर २५०च्या घरात पोचतं.) इथे कशाचा चढ आणि कशाचा उतार? सरासरीभोवतीचा हा पसारा आहे. ‘विचलन’ त्यातल्या त्यात जवळचा, पण तो संख्याशास्त्राने आधीच अडवून ठेवलाय.

समजावून सांगताना मी ‘चुळबूळ’ वापरतो. तिला ताल नाही, दिशा नाही आणि सरासरीत ती कुठेच पोचत नाही. शिवाय ती अडवली की जोर जाणवतो. ताणलेलं रबर मागे खेचतं ते मुख्यतः याचमुळे: सरळ झालेल्या साखळ्यांना चुळबुळीला वाव उरत नाही. वजन टांगून ताणलेलं रबर तापवलं की ते आखडतं, लांबत नाही.

निर्वाताचंही तसंच. फिलिप्सच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या हेंड्रिक कॅसिमिर यांनी १९४८ मध्ये दाखवलं, की विद्युतभार नसलेल्या दोन समांतर धातूच्या पट्ट्या निर्वातातही एकमेकींकडे ओढल्या जातात, कारण मधल्या फटीत विद्युतचुंबकीय क्षेत्राच्या सगळ्या तरंगलांबी मावत नाहीत, म्हणजे तिथे क्षेत्राची चुळबूळ अडते. एक मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) अंतरावर हा दाब पास्कलच्या हजाराव्या भागाएवढा, जेमतेम. अंतर निम्मं केलं की तो १६ पट. स्टीव्ह लॅमोरो यांनी १९९७ मध्ये हे बल नेमकेपणाने मोजलं.

फरक सांगायचा तर तो विशेषणात सांगावा. पॉलिमरची चुळबूळ औष्णिक, तापमान उतरवलं की मंदावणारी. निर्वाताची क्वांटम, निरपेक्ष शून्यालाही न थांबणारी. क्वांटमसाठी ‘पुंज’ हा शब्द मला रुचत नाही. तारकापुंज म्हणणाऱ्या भाषेत पुंज म्हणजे रास, आणि क्वांटम म्हणजे तर सर्वांत लहान वाटा.

‘निर्वात’ राहू द्या, त्याच्या जागी ‘पोकळी’ नको. पोकळीला भिंती लागतात, आणि कॅव्हिटीसाठी तो शब्द आपल्याला लागणारच आहे. क्वांटम व्हॅक्यूम ही जागा नव्हे, क्षेत्राची किमान ऊर्जेची स्थिती. म्हणून ‘निर्वात अवस्था’ म्हटलं की काम भागतं. पॉलिमरसाठी ‘बहुवारिक’ पाठ्यपुस्तकात रुळलाय, तिथे तो असू द्या. लेखात ‘पॉलिमर’ लिहिलं म्हणून कुणी अडत नाही.