अक्षता फणीसारख्या का दिसतात?

प्रश्न : ताई, आईबाबांच्या लग्नाची 2004 सालची मिनी डीव्ही कॅसेट आज्जीच्या ट्रंकेत सापडली. बेळगावात कॉम्प्युटरवर उतरवून घेतली. पूर्वी टीव्हीवर छान दिसायची म्हणतात. आता कुणी हात हलवला की कडेला आडव्या रेघा येतात, अक्षता पडताना तर सगळं चित्र फणीसारखं होतंय. मित्रानं डीइंटरलेस करून दिलं. रेघा गेल्या, पण माणसं धक्के खात हलल्यासारखी दिसतात. कॅसेट खराब झाली काय?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : कॅसेट चांगली आहे. खानापूरच्या पावसात ट्रंकेत राहूनही तिच्यावर बुरशी आली नाही, हे तुमचं नशीब. आणि त्या रेघा म्हणजे बिघाड नव्हे.

तो कॅमेरा सेकंदाला 25 पूर्ण चित्रं घेतच नव्हता. तो 50 अर्धी चित्रं घ्यायचा. 576 ओळींपैकी आधी एकाआड एक 288, मग 1/50 सेकंदानं मधल्या उरलेल्या 288. या अर्ध्या चित्राला फील्ड म्हणतात आणि अशा टिपण्याला इंटरलेस. जुना काचेचा टीव्ही ही फील्ड एकामागून एक दाखवायचा, म्हणून हालचाल लोण्यासारखी वाटायची. कॉम्प्युटर दोन्ही फील्ड एकदम, एकाच चित्रात मांडतो. तेवढ्यात अक्षता टाकणारा हात पुढे गेलेला असतो. हात सेकंदाला दोन मीटर वेगानं फिरला, तर दोन फील्डमध्ये चार सेंटीमीटरचा फरक पडतो. तीच तुमची फणी. मागचा मांडव स्थिर असतो, म्हणून तिथं रेघा दिसत नाहीत.

मित्रानं काय केलं असणार, ते सांगते. डीइंटरलेस म्हणजे या फील्डमधून पुन्हा पूर्ण चित्रं बनवणं. बहुतेक सॉफ्टवेअर डीइंटरलेस म्हटलं की दोन फील्डमधून एकच चित्र करतं आणि सेकंदाला 25 चित्रं हातात देतं. म्हणजे टिपलेल्या 50 क्षणांतले निम्मे गेले. काही ठिकाणी दोन्ही फील्ड एकमेकांत मिसळतात, मग अक्षतेचा प्रत्येक दाणा दोनदा आणि फिका दिसतो. मला दोन्ही पद्धती पटत नाहीत. प्रत्येक फील्डपासून एक पूर्ण चित्र बनवा आणि फाइल 50 प्रोग्रेसिव्ह करा, म्हणजे सेकंदाला 50 पूर्ण चित्रांची. या पद्धतीला बॉब म्हणतात. हँडब्रेक नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात डीइंटरलेससाठी यादिफ किंवा बीडब्ल्यूडीआयएफ निवडा, प्रीसेट बॉब घ्या, फ्रेम रेट 50 ठेवा. पुढं एडिटिंगची टाइमलाइनही 50 चीच करा, नाहीतर कमावलेलं तिथं पुन्हा जाईल.

एडिटिंगआधी फील्डचा क्रम तपासा. मिनी डीव्हीत खालचं फील्ड आधी येतं, पुढच्या एचडी कॅमेऱ्यांत वरचं. बऱ्याच वेळा सॉफ्टवेअर इथंच चुकतं. 50 ची फाइल तयार झाली की अक्षतांचा तुकडा एकेक चित्र पुढं सरकवत बघा. दाणा सरळ खाली येत असेल तर क्रम बरोबर. दोन पावलं खाली, एक वर असं दिसलं तर क्रम उलटा आहे. मूळ फाइलचा क्रम प्रीमिअर या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये इंटरप्रिट फुटेजमध्ये बदलता येतो, दा विंची रिझॉल्व्हमध्ये क्लिप ॲट्रिब्यूट्समध्ये.

एक गोष्ट मात्र कळकळीनं सांगते. चित्राचा आकार डीइंटरलेस करण्याआधी कधीही बदलू नका. सुरुवातीच्या काळात मी एका लग्नाचं फुटेज तसंच 576 ओळींवरून 480 वर आणलं. दोन्ही फील्डच्या ओळी एकमेकांत कालवल्या गेल्या. आता कुठलंही सॉफ्टवेअर त्या वेगळ्या करू शकत नाही. मूळ कॅसेटवर आम्ही तोवर दुसरं लग्न शूट केलं होतं, तेव्हा सगळेच तसं करायचे. त्या नवरीला मी काय दिलं, हे अजून मनातून जात नाही.

म्हणून तुमच्याकडची फाइल आधी बघा. फायरवायर केबलनं जशीच्या तशी उतरवली असेल तर तासाला साधारण 13 जीबी भरते आणि आकार 720 बाय 576 असतो. एक-दोन जीबीचीच असेल तर कॅसेट घेऊन परत जा आणि मूळ डीव्ही फाइल मागून घ्या. ती हात न लावता दोन ठिकाणी जपून ठेवा. कॅसेट पुसू नका.

प्रश्न : माझ्या फुल एचडी कॅमेऱ्याची फाइल सॉफ्टवेअर इंटरलेस्ड दाखवतं, पण रेघा कुठंच दिसत नाहीत. डीइंटरलेस करू का?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : नको. काही कॅमेरे 25 प्रोग्रेसिव्ह चित्रं 50 इंटरलेस्डच्या वेष्टनात भरून ठेवतात. तिथं दोन्ही फील्ड एकाच क्षणाची असतात. डीइंटरलेस केलंत तर हाती फक्त अस्पष्टपणा येईल. जोरात हललेल्या वस्तूवर थांबून बघा. तिथंही रेघ नसेल तर क्लिपला प्रोग्रेसिव्ह म्हणून नोंदवा आणि कामाला लागा.

प्रश्न : बेळगावच्या शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीचं रात्री मोबाइलवर शूटिंग केलं. रस्त्यावरचे दिवे लपलपतात. हाही इंटरलेसचाच प्रकार का हो, ताई?
— एक वाचक, येळ्ळूर

उत्तर : नाही, मोबाइल प्रोग्रेसिव्हच टिपतो. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला 100 वेळा कमी-जास्त होतात. मोबाइल सेकंदाला 30 चित्रांच्या वेगानं आणि 1/60 सेकंदाच्या शटरनं चालला की प्रत्येक चित्रात उजेड वेगळा पडतो. शटर 1/50 किंवा 1/100 वर बांधून ठेवा, वेग 25 किंवा 50 घ्या. आयफोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये पाल फॉरमॅट (सेकंदाला 25 चित्रांचा) दाखवण्याची सोय आहे, ती चालू करा. काही एलईडी माळा तरीही लपलपतील, त्यांची गती वेगळी असते. मिरवणुकीच्या आदल्या संध्याकाळी रस्त्यावरच्या दिव्याखाली दोन मिनिटं शूट करून घरी मोठ्या पडद्यावर बघून घ्या.