माय तीन महिने बाजेवरच राहणार का?

प्रश्न : माझी माय ७२ वर्षांची आहे. अंगणात सडा टाकताना पाय घसरला अन् खुब्याचं हाड मोडलं. यवतमाळला ऑपरेशन करून रॉड टाकला, आता घरी आणलं. डॉक्टरांनी वॉकर धरून चालवायला सांगितलं, पण भेटायला येणारा जो तो म्हणतो, हाड जुळेपर्यंत तीन महिने हलवू नका. शुभांशु शुक्ला अंतराळातून परतले तेव्हा त्यांनाही धरून बाहेर काढलं, टीव्हीवर पाहिलं. तरण्याबांड माणसाचं असं, तर मायला उभं करायची घाई कशाला?
– एक शेतकरी वाचक, ता. दारव्हा

उत्तर : दादा, शुक्लांकडे पाहूनच सांगते, मायला उठवा. ते १५ जुलै २०२५ला परतले. वर स्थानकात शरीराचा भार पायांवर पडत नाही. भार नाही म्हटलं की हाडातलं कॅल्शियम लघवीवाटे जायला लागतं, मांड्या-पोटऱ्या वाळतात. पुरेसा व्यायाम नसेल तर खुब्याच्या हाडाची घनता महिन्याला १ ते दीड टक्क्याने घटते. जमिनीवर म्हातारपणी एवढी घट व्हायला साधारण वर्ष लागतं. म्हणून अंतराळवीर तिथे रोज सुमारे दोन तास व्यायाम करतात.

याचा अभ्यास पृथ्वीवर कसा करतात, ठाऊक आहे? धडधाकट माणसांना खाटेवर निजवून. २०१९ साली जर्मनीतल्या कोलोनला स्वयंसेवक ६० दिवस पडून होते, डोक्याकडची बाजू ६ अंश खाली. जेवण पडून, आंघोळही पडून. नासा त्यात सहभागी होती. खाट धरली की हाड-स्नायूंचं बरंचसं तेच होतं जे अंतराळात होतं, म्हणून ही खटपट. अन् आपल्याकडे तीच खाट आपण मायेपोटी म्हाताऱ्या माणसाला देतो! गावोगाव पेशंट पाहायला जाते तेव्हा जीव तुटतो माझा. नीट झालेलं ऑपरेशन पडून राहण्याने वाया जातं, पाठीला जखमा होतात, छातीत कफ साठतो.

रॉड टाकतात तोच मुळी लवकर उठवता यावं म्हणून. दुखऱ्या पायावर किती भार द्यायचा, तेवढं ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना नक्की विचारा.

बाज आजच बदला. झोळ पडलेल्या बाजेवरून चांगल्या माणसालाही उठता येत नाही. तखत घ्या. कडेला बसल्यावर मायचे दोन्ही तळपाय जमिनीला टेकावेत, गुडघे खुब्याच्या वर जाऊ नयेत. उंची कमी पडली तर जाड गादी टाका. उठवल्याबरोबर उभं करू नका, आधी थोडा वेळ पाय सोडून बसू द्या. पडून राहिलेल्याला उभं होताना अंधारी येते, अंतराळवीरांनाही येते. मग वॉकर, अन् शेजारी तुम्ही. लुगडं घोट्याच्या वर खोचलेलं हवं, काठ वॉकरच्या पायात अडकतो. सारवलेली जमीन पूर्ण वाळल्याशिवाय चालवू नका. संडासाला खाली बसवू नका, भोकाची खुर्ची आणा.

पडल्या पडल्याही पायाचे पंजे वर-खाली करायला लावा, दर तासाला. एका पोटरीला सूज आली, ती दुखायला लागली किंवा एकाएकी दम लागला, तर तेल लावून चोळू नका. त्यात रक्ताची गुठळी असू शकते. त्याच दिवशी, रात्र असली तरी, दवाखान्यात न्या.