ऐंशी किलोवर अडकलेले गृहस्थ

तिशी-पस्तिशीतले पुरुष माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात ते बहुतेक वेळा नोकरीतल्या किंवा घरातल्या ताणामुळे, पण गेल्या काही वर्षांत त्यांच्या बोलण्यात एक तक्रार हमखास डोकावते: "मॅडम, जिम लावली, वर्षभर नेटाने केली, आता जावंसंच वाटत नाही." सुरुवातीला मी ही तक्रार आळसाच्या खात्यावर टाकत असे. ती माझी चूक होती. ज्यांच्यामुळे ती ध्यानात आली त्या गृहस्थांची हकीकत, ओळखीच्या खुणा बदलून, इथे मांडते.

सोलापूरच्या अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीतील एका टॉवेल कारखान्यात ते सुपरवायझर होते. पहिल्या वर्षी त्यांचा बेंच प्रेस, म्हणजे बाकावर उताणे पडून छातीवरून उचलायचे वजन, ४० किलोवरून ७० किलोवर गेला होता आणि पुढच्या दोन वर्षांत जेमतेम ८० वर येऊन थांबला होता.

"पहिल्या वर्षीसारखी प्रगती व्हायलाच पाहिजे होती," ते म्हणाले. "होत नाही म्हणजे मीच कमी पडतोय."

मी त्यांच्यापुढे कागद सरकवला आणि त्याच गतीने दहा वर्षांनी किती वजन उचलले जाईल, ते मांडायला सांगितले. "तीनशे चाळीस किलो," म्हणून ते स्वतःच हसले. नवख्या माणसाची पहिल्या काही आठवड्यांतली ताकद स्नायू वाढल्यामुळे कमी आणि आहेत तेच स्नायू कामाला लावायला मज्जासंस्था शिकल्यामुळे अधिक वाढते. पुढची वाढ स्नायूंवर अवलंबून असते आणि ती मुळातच संथ असते, हेही मी समजावले. (वजन म्हणाल तर पाणी येण्याच्या दिवशी भरलेल्या बादल्यांपलीकडे मी स्वतः काही उचललेले नाही, पण एवढा अभ्यास करावा लागतो.) "व्हायलाच पाहिजे" हा हट्टच माणसाला त्रास देतो असे सांगणाऱ्या, मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेल्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीवर माझी वाढ झालेली असल्यामुळे त्या "व्हायलाच" मधला "च" सुटला की काम झाले, अशी माझी खात्री होती. गृहस्थांना सगळे पटले, आणि पुढचे दोन आठवडे ते जिमकडे फिरकले नाहीत.

चौथ्या भेटीच्या शेवटी, पुढची वेळ ठरवताना, ते सहज म्हणाले की रविवारी जमणार नाही, कारण गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धरामेश्वरांच्या यात्रेसाठी नंदीध्वज, ती मिरवणुकीतली उंच, जड काठी, पेलण्याचा सराव सुरू झाला आहे आणि हे त्यांचे अकरावे वर्ष आहे. मी वही मिटता मिटता थांबले.

"यंदा काठीचे वजन किती वाढले?"

त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखे पाहिले. "काठीचं वजन कुठं वाढतंय मॅडम? तेवढंच असतंय."

"मग अकरा वर्षांत तुमची प्रगती काय झाली?"

ते बराच वेळ गप्प होते. मीही मध्ये बोलले नाही, आणि त्या शांततेचे श्रेय मी स्वतःकडे घेते. "पहिल्या वर्षी नुसते हात थरथरायचे. आता तोल कळतो," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "पण प्रगतीसाठी कोण काठी धरतंय? आपली वेळ आली की पुढं व्हायचं, एवढंच."

इतक्या भेटींत मी त्यांच्यासाठी एखादे मोठे उद्दिष्ट शोधत होते; ते नसतानाही अकरा वर्षे टिकलेला व्यायाम त्यांच्याजवळ आधीपासूनच होता. काठी धरताना ते स्वतःला जोखत नव्हते, जिममध्ये मात्र प्रत्येक संध्याकाळी परीक्षेला बसत होते. अर्थात, "जिममध्ये काय सिद्धरामेश्वर नाहीत," हे त्यांनीच मला बजावले आणि ते खरेच आहे. श्रद्धा उसनी आणता येत नाही; पण ठरलेला वार, वाट पाहणारे सोबती आणि आज जावेसे वाटते का हा प्रश्नच न विचारणे, एवढे मात्र आणता येते.

त्यानुसार आम्ही आठवड्याचे तीन वार ठरवले आणि कारखान्यातल्या एका सहकाऱ्याला बरोबर घेतले. अंगात त्राण नसेल त्या दिवशीही जायचे, एकच व्यायामप्रकार करून परतायचे, आणि वहीत किलोऐवजी फक्त हजेरी मांडायची. वजनाचा आकडा तीन महिन्यांतून एकदाच पाहायचा. काही आठवड्यांनी एखादा आठवडा भार मुद्दाम हलका ठेवावा, कारण शरीर विश्रांतीत भरून निघते. आजारपणाने किंवा लग्नसराईने खंड पडला तरी घाबरू नये. पूर्वी कमावलेली ताकद नव्याने कमावण्यापेक्षा लवकर परत येते. तिशीनंतर व्यायामाविना स्नायू हळूहळू झडत जातात, म्हणून ८० वर टिकून राहणे हेही फुकटचे नसते.

अडकलेल्या आकड्याला कंटाळून कुणाच्या सांगण्यावरून स्टेरॉइडची सुई घेण्याचा विचार मनात येत असेल, तर तो आधी डॉक्टरांसमोर बोलून दाखवावा. त्या औषधांनी शरीराचे स्वतःचे टेस्टोस्टेरॉन आणि शुक्राणू घटतात. आणि जिमबरोबरच जेवण, झोप, कामे, माणसे या सगळ्यांतलेच मन दोन आठवड्यांहून अधिक काळ उडालेले असेल, तर ती व्यायामाची तक्रार नसून नैराश्याची शक्यता असते. तिथे हजेरीच्या वहीचा उपयोग नाही, मनोविकारतज्ज्ञांना भेटावे.

यात्रा झाल्यावर ते एकदा वही घेऊन आले. एका पानावर चौदा खुणा होत्या. आकड्याची जागा कोरी होती. मार्चपर्यंत बघायचा नाही असे ठरले आहे, असे त्यांनी मलाच सांगितले.