सगळ्यांचं लक्ष माझ्याच घासाकडे!

‘चारचौघांत जेवताना हात थरथरतो. ऑफिसच्या जेवणाचं आमंत्रण आलं की दोन दिवस आधीपासून पोटात गोळा येतो. टेबल मॅनर्सचा एखादा क्लास लावू का?’

समुपदेशनात हा प्रश्न नेहमी येतो, आणि बहुतेकदा त्यात क्लासचा उल्लेख असतोच. असाच प्रश्न घेऊन आलेल्या एका तिशीतल्या गृहस्थांची ही गोष्ट (ओळखीचे तपशील अर्थातच बदललेले आहेत). काम तांत्रिक, नुकतीच बढती मिळालेली. त्यामुळे महिन्यातून दोन-तीनदा ग्राहकांबरोबर जेवायला बसणं आलं.

त्यांना पहिल्याच भेटीत कागदावर टेबल मांडायला सांगितलं. काटे डावीकडे, सुरी उजवीकडे आणि तिची धार ताटाकडे. ब्रेडची छोटी बशी डावीकडे, पेले उजवीकडे. बाहेरच्या चमच्यापासून सुरुवात करून आत यायचं. मधे थांबलोय हे दाखवायला काटा-सुरी ताटात तिरकी, एकमेकांपासून दूर. जेवण संपलं की दोन्ही शेजारी-शेजारी. थोड्या वेळासाठी उठायचं असेल तर नॅपकिन खुर्चीवर. पाच मिनिटांत एकही चूक न करता त्यांनी सगळं मांडलं. म्हणजे क्लासची गरज नव्हती. नियम तासाभरात पाठ होतात. पण भीती असलेल्या माणसाच्या हाती ते पडले, की चुका मोजायची आणखी एक यादीच त्याला मिळते.

मग शेवटच्या जेवणात काय घडलं ते क्रमाने लिहून काढलं. खावंसं वाटत होतं ते न मागवता, सांडणार नाही असं काहीतरी मागवलं. घास नखाएवढे. कप दोन्ही हातांनी धरलेला. समोरचा दुसऱ्याशी बोलत असेल तेव्हाच तोंडात घास घालायचा. शेवटी फोन आल्याचा बहाणा करून लवकर उठणं. ताट अर्धं तसंच. काय खाल्लं होतं, हे आठवत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सहकाऱ्याने विचारलं, ‘काल तब्येत बरी नव्हती का?’ झालं, सगळ्यांचं लक्ष असतं याचा पुरावा मिळाला!

पण सहकाऱ्याला थरथर दिसलीच नव्हती. त्याला दिसलं ते न खाणं आणि मधेच उठून जाणं. म्हणजे भीती लपवण्यासाठी जे केलं, तेच नजरेत भरलं. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स यांनी १९९५मध्ये मांडलेल्या सामाजिक भीतीच्या (म्हणजे चारचौघांत आपल्याला जोखलं जाईल या भीतीच्या) प्रारूपात या वागण्याला मध्यवर्ती जागा आहे. माणूस स्वतःवरच कॅमेरा रोखतो, बचावाच्या युक्त्या करतो, आणि ‘युक्ती केली म्हणून वाचलो’ असं मानत राहतो. युक्ती केली नसती तर काय झालं असतं, हे त्याला कधी कळतच नाही.

इतरांचं लक्ष किती असतं, यावर मानसशास्त्रज्ञ थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांचा २०००मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. एका गायकाचं चित्र असलेला, लाज वाटेल असा टीशर्ट घालून विद्यार्थ्यांना इतरांनी भरलेल्या खोलीत पाठवलं. निम्म्याजणांनी तो पाहिला असेल, असा त्यांचा अंदाज. प्रत्यक्षात टीशर्टवर कोण आहे हे सांगता आलं साधारण चौथ्या हिश्श्याला. ‘टीशर्टचं ठीक आहे, पण हात थरथरताना दिसतोच ना?’ हे त्या गृहस्थांचं उत्तर. रास्त होतं. म्हणूनच नुसत्या माहितीवर ही भीती जात नाही.

आधी शरीराचं बघू. धोका वाटला की अ‍ॅड्रेनलिन वाढतं. हाताचं नैसर्गिक सूक्ष्म कंपन त्याने ठळक होतं आणि चमचा घट्ट आवळला की आणखी वाढतं. तोंड कोरडं पडतं, म्हणून सुका घास उतरत नाही. त्यात हे गृहस्थ ‘पोट हलकं बरं’ म्हणून सकाळपासून उपाशी आणि वर तीन कप कॉफी. भूक आणि कॉफी, दोन्हींनी थरथर वाढते. त्यांना दीड-दोन तास आधी थोडं खायला सांगितलं. कॉफी नेहमीपेक्षा एक कप कमी. सुक्या घासाआधी पाण्याचा एक घोट. चमचा दोन-तृतीयांशच भरायचा, पकड सैल.

इथे एक बारीक भेद आहे. चमचा अर्धवट भरणं ही साधी रीत, कप दोन्ही हातांनी आवळणं ही कुबडी, म्हणजे बचावाची युक्ती. ओळखायचं कसं? घरी एकटे असताना तुम्ही हे करता का, असं विचारायचं. उत्तर ‘नाही’ असेल तर बहुधा ती कुबडीच.

मग पायऱ्या ठरवल्या, भीतीला ० ते १०० गुण देऊन. ऑफिसच्या पँट्रीत दार उघडं ठेवून एकट्याने खाणं, २५. एका सहकाऱ्यासोबत कॉफी, ३५. तिघांसोबत जेवण, ५०. टीमसमोर सूप, ७०. ग्राहकासोबत जेवण, ८५. प्रत्येक पायरी आठवड्यातून तीनदा, आणि दर वेळी एक कुबडी सोडायची. जाण्याआधी भाकीत लेखी: ‘किमान दोघं माझ्या हाताबद्दल बोलतील.’ आल्यावर प्रत्यक्षात काय झालं ते. हात थरथरला का, हे मोजायचंच नाही. टेबलावर शेवटपर्यंत थांबलो का आणि भाकीत खरं ठरलं का, एवढंच.

तिसऱ्या आठवड्यात गाडी घसरली. अचानक ग्राहकाचं जेवण आलं, दोन पायऱ्या गाळून हे थेट तिथे गेले, सूप टेबलक्लॉथवर सांडलं आणि पुढचे दोन आठवडे सराव बंद. अशा वेळी खालच्या पायरीवर परत यायचं आणि मधे एक नवी घालायची. इथे ती होती मुद्दाम चूक करण्याची: दोन सहकाऱ्यांसमोर चमचा खाली पाडायचा, ‘दुसरा मिळेल का?’ एवढं म्हणायचं आणि बोलणं पुढे चालू ठेवायचं. भाकीत होतं, ‘दोघं हसतील.’ एकाने वर पाहिलं, दुसऱ्याने तेही केलं नाही. तोंडात घास असताना प्रश्न आला तर काय, हेही घोकलं: बोट किंचित वर, घास संपवायचा, मग उत्तर. ते चार-पाच सेकंद फक्त खाणाऱ्यालाच लांब वाटतात.

प्रत्येक थरथर मात्र भीतीची नसते. एकटं असतानाही पाणी ओतताना, लिहिताना हात कापत असेल, घरात आणखी कुणाला तसं असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवावं. घास खरोखरच अडकत असेल किंवा वजन उतरत असेल, तरीही. आणि ही भीती सहा महिन्यांहून जास्त टिकून कामं नाकारायची वेळ येत असेल, तर नुसत्या घरच्या सरावावर न राहता मानसतज्ज्ञांकडे जावं. यात ओशाळण्यासारखं काही नाही. सामाजिक भीती मोजणाऱ्या लिबोविट्झ मापनश्रेणीतल्या २४ प्रसंगांत इतरांदेखत खाणं आणि पिणं, दोन्ही आहेत.

दहाव्या आठवड्यात ग्राहकासोबतच्या जेवणाचे गुण ८५ वरून ४० वर आले. हात अजून अधूनमधून थरथरतो. त्या दिवशीच्या नोंदीत भाकितापुढे ‘खोटं ठरलं’ असं लिहिलेलं होतं आणि खाली एक तक्रार: ‘सूप अगदीच अळणी होतं.’